कूलरमधला उंदीर

कोटरा सुल्तानाबादच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कांचनने खाऊ लपवायला बऱ्याच जागा करून पाहिल्या होत्या. कपाटात ठेवला तर मुंग्या व्हायच्या. वॉशिंग मशीन बरं होतं, पण नवऱ्याने एकदा न बघता ते सुरू केलं आणि अर्धा किलो शेव चादरींबरोबर धुऊन निघाली. शेवटी तिला गॅलरीतला कूलर सुचला. थंडीत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जुन्या बेडशीटखाली तो उभा असतो, आतून कोरडा आणि चांगला ऐसपैस.

कांचन बेचाळीस वर्षांची, सरकारी ऑफिसात क्लार्क. माहेर आणि सासर दोन्ही नागपूरचं, नोकरी मात्र इथे हिंदी मुलखात. ती साडेपाचला घरी यायची आणि नवरा गिरीश सातला. तेवढ्या दीड तासात ती पाकातली खव्याची मावाबाटी, शेव, खारी, असेल ते उभ्याउभ्या खायची. एका घासाची चव कळायच्या आत दुसरा तोंडात. भूक नसायची, भुकेचा त्यात काही संबंधच नव्हता. पोट दुखायला लागलं की हात थांबायचा. मग ती कागद चुरगळून पर्समध्ये कोंबायची आणि स्वतःला शिव्या घालत कणीक मळायला घ्यायची. रात्रीच्या जेवणात पुन्हा दोन पोळ्या खायच्या, नाहीतर गिरीशला संशय यायचा.

जुलैमध्ये गिरीशची धाकटी बहीण विनिता इथल्या एका कॉलेजात शिकवायला आली आणि त्यांच्याकडेच राहू लागली. विनिता काडीसारखी. सकाळी मोजून सहा बदाम, डब्यात काकडी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोशिंबीर खाऊन उठणारी. "विनिताकडे बघ," गिरीश म्हणायचा, "कंट्रोल याला म्हणतात." कांचन बघायची. बघितलं की तिला कूलर आठवायचा. विनिता दुपारी परतायची आणि पाच ते सात पार्कात फिरायला जायची, त्यामुळे कांचनचा दीड तास तसा शाबूत होता.

जानेवारीत मात्र गडबड सुरू झाली. सहा मावाबाट्या ठेवल्या तर चारच सापडत. एके दिवशी तर आत गजकचा, तीळ-गुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा होता, तोही तिने कधी न आणलेला. आपण काय आणतो, काय खातो, हेही आपल्याला आठवेनासं झालं, असं वाटून कांचन हादरली. आणि हादरल्यामुळे तिने सगळी गजक खाल्ली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गिरीशने कूलरची मोटर बघायला चादर काढली. आत चुरा सांडलेला, एक कागद फाटलेला. गिरीश पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर. सोडवण्याजोगा प्रॉब्लेम दिसला की त्याचा चेहरा उजळायचा.

"उंदीर!" तो आनंदाने ओरडला. संध्याकाळपर्यंत जाळीचा लांबट पिंजरा आला आणि आकड्याला बेसनाचा लाडू लागला.

"अख्खा लाडू?" कांचनने विचारलं.

"अगं, याची खादाडी बघ. तुकड्याला भुलणारा नाही हा."

कांचन पुन्हा कणीक मळायला लागली. विनिताने बदामांचा डबा घट्ट लावला.

रविवारी सकाळी गिरीश शेजारच्या रमेशजींकडे पेपर वाचायला गेला. कांचन पोहे भिजवत होती, पण जाग आल्यापासून तिच्या डोक्यात तो लाडूच होता. उंदरासाठी ठेवलेला लाडू! आपल्याला लाज कशी वाटत नाही, असं स्वतःला विचारत ती हात पुसून गॅलरीकडे निघाली, तेवढ्यात तिकडून 'खट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ "आई गं!"

उंदीर मराठी बोलला म्हणून ती धावली. कूलरपाशी विनिता उकिडवी बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात, दार स्वेटरच्या बाहीत रुतलेलं आणि मुठीत लाडू.

"वहिनी, ओरडू नका," विनिता कुजबुजली.

"तू? मग माझ्या मावाबाट्या..."

"तुमच्या होत्या? मला वाटलं दादाच्या." विनिताचे डोळे भरून आले. "आणि माझी गजक?"

कांचनने मान खाली घातली. मग तिने दार ओढून पाहिलं, लाटण्याने उचकटून पाहिलं. दार काही हलेना. तेवढ्यात बेल वाजली. विनिताने चटकन खुर्चीवरची शाल पिंजऱ्यासकट हातावर ओढली आणि सोफ्यावर जाऊन बसली. गिरीश रमेशजींना उंदीर दाखवायला घेऊन आला होता.

"शाल कशाला गं?" गिरीशने विचारलं.

"थंडी वाजतेय," विनिता म्हणाली. बाहेर ऊन चटकत होतं. शालीखालून तारा किणकिणल्या.

दोघे पुरुष गॅलरीत गेले. मग गिरीशचा आवाज आला, "पिंजराच नाहीये!"

"पिंजरा लेके भाग गया?" रमेशजी दोन पावलं मागे सरकले. "भाईसाब, वो चूहा नहीं है. मैं चलता हूँ." आणि ते चहालाही न थांबता निघून गेले.

गिरीश काठी शोधू लागला, सोफ्याखाली वाकला. विनिताने दोन्ही पाय वर घेतले. शाल घसरली. गिरीश तसाच वाकलेला, पिंजऱ्याकडे बघत राहिला.

"विनिता?"

विनिताचा चेहरा पांढराफटक पडला. कांचनला ते बघवेना. "अहो, उंदीर मी आहे," ती म्हणाली. "गेली सहा वर्षं."

"नाही दादा," विनिता म्हणाली. "दोन आहेत."

कांचनला आधी हसू फुटलं. मग विनिताला. हसता हसता दोघी रडायला लागल्या, आणि पिंजरा वाजतच राहिला. गिरीशने पक्कड आणून तार वाकवली, हात सोडवला. लाडूचं काय करायचं ते त्याला कळेना. तो त्याने टेबलावर, पेपरवेटच्या शेजारी ठेवला.

"पण भूक लागते तर नीट जेवा ना," तो म्हणाला.

"भूक लागत नाही, तेच तर," कांचन म्हणाली. "थांबता येत नाही."

"मी दिवसभर उपाशी राहते," विनिता म्हणाली. "मग एकदम सगळं खाते, आणि मग दोन दिवस काहीच नाही. कंट्रोल-बिंट्रोल काही नाही रे माझ्यात."

गिरीशच्या पेटीत यावर पाना नव्हता. शेवटी त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "चूक माझी. डॉक्टर शोधू या."

पुढच्या आठवड्यात त्यांना ज्या समुपदेशक मिळाल्या, त्यांचं नाव डॉक्टर सुरुची. दारावरची पाटी वाचून दोघी वेटिंग रूममध्ये इतक्या खिदळल्या की कंपाउंडरने डोळे वटारले. डॉक्टरबाईंनी मात्र दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं. हा आजार आहे, म्हणाल्या, चोरी नव्हे आणि आळसही नव्हे. उपाशी राहायचं नाही, वेळेवर तीनदा जेवायचं, मध्ये दोनदा थोडं खायचं, आणि हात शिवशिवला की एकीने दुसरीला हाक मारायची. गिरीशला त्यांनी एकच काम दिलं. कुणाच्याही ताटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

तीन महिने झाले. सगळं सुरळीत आहे असं नाही. होळीला कांचनने गुजियांचं, खव्याच्या करंज्यांचं, पातेलं एकटीने संपवलं आणि विनिताने एक अख्खा दिवस उपास केला. पण दोघींनी ते एकमेकींना सांगितलं, हे नवीन होतं. कांचनला आता कधीकधी खरी भूक लागते. पहिल्यांदा लागली तेव्हा तिने घाबरून विनिताला फोन केला होता.

परवा दुपारच्या जेवणात विनिताने, आल्यापासून पहिल्यांदाच, तिसरा फुलका घेतला. वर तूपही. कांचन भात कालवत राहिली. गिरीशचं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो छताकडे बघायला लागला.

"पंखा आज जरा जोरातच फिरतोय, नाही?" तो म्हणाला.

लाईट सकाळपासून गेलेली होती. "हो ना," दोघी म्हणाल्या, आणि विनिताने फुलक्याचा घास मोडला.