पायाशी लोखंड असून उपाशी

ज्या कोणी माझ्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायच्या कागदावर सही केली, त्याने मला मारायला घेतलं आहे. कुऱ्हाड नाही, गाजावाजा नाही. नुसती माती झाकली. आणि वर त्याला सुशोभीकरण म्हणतो.

मित्रांनो, मी एक जुना कडीपत्ता आहे. नायगावच्या चाळीमागच्या चौकात पस्तीस वर्षं उभा आहे. मालन लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरून, देवगडहून, पत्र्याच्या डब्यातून मला आणलं. तेव्हापासून साऱ्या चाळीच्या फोडणीत मी आहे. तेलात तडतडलो की कौतुक, ताटात आलो की बाजूला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तुम्हाला वाटतं, झाड माती खातं. मला दात कुठे आहेत? मातीतलं काहीही मला कोरडं गिळता येत नाही. ते पाण्यात विरघळावं लागतं, मग माझ्या मुळांवरचे बारीक केस ते आत ओढतात. ओढायला जोर लागतो, जोराला हवा लागते. त्यात लोखंड फार हट्टी. माती थोडी आंबट असली तरच ते सहज सुटतं. मालनला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिची आई घालायची म्हणून तीही दर शनिवारी मला आंबट ताक घालायची. तिचा नवरा कुशाबा, गिरणीतून घरी बसलेला, पायरीवरून बोलायचा, "झाडाक ताक आणि माका पाणी. पुढच्या जल्माक मी कडीपत्तोच होतलंय."

"व्हा. निदान उपयोगाला याल," मालन म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात सिमेंट आलं. बुंध्याशी बोटभर फट तेवढी राहिली. ताक वरच्या वर गटारात जाऊ लागलं. मुळांना हवा मिळेना. सिमेंटचा चुना खाली झिरपला, मातीचा आंबटपणा गेला आणि लोखंड मातीतच अडकून बसलं. चैत्रात माझी कोवळी पानं पिवळी आली, फक्त शिरा हिरव्या.

मालन कासावीस झाली. मासे धुतलेलं पाणी ती मला नेहमीच घालायची आणि ते मला मानवायचं. आषाढात बोटी बंद, ताजा मासा नाही, घरात खारा बांगडा. तिने त्याचंच पाणी त्या फटीत ओतलं, आठ दिवस. बिचारीला वाटलं, पोराला चार घास जास्त घालते आहे. पण सिमेंटखाली पाऊस पोचेना, मीठ साचलं आणि मुळांना पाणी ओढता येईना. उरलेली पानंही गळली.

सोमवारी पालिकेचे साहेब आले. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली : मृत. शुक्रवारी तोडणार.

"आजी, खारं पाणी तुम्हीच घातलंत ना? सगळे सांगतायत. मग आमच्या सिमेंटला कशाला बोल लावता?"

मालनने पदराने तोंड पुसलं. "घातलं. चूक माझी. पण हा पिवळा पडला चैत्रात. खारं मी घातलं आषाढात. मधले तीन महिने कुणाचे, साहेब?"

साहेब कागद चाळत राहिले. मालनने माझ्या फांदीची साल नखाने खरवडली. आत ओलं, हिरवं.

"मेलेलं असं असतं?"

"चष्मो देऊ काय?" कुशाबाने पायरीवरून विचारलं.

"कागद वरून आलाय, आजी," म्हणून साहेब निघून गेले. चिठ्ठी तशीच राहिली.

मित्रांनो, तुमच्या दारात झाड असेल तर त्याच्याभोवती दोन हात माती उघडी ठेवा. पोट भरायला आम्हाला तेवढी पुरते. पण शुक्रवार चार दिवसांवर आहे, आणि मला उपदेशात अडकायचं नाही. वर बसलेल्या साहेबा, तू चौकात ये. मालनने खरवडलेल्या जागी स्वतःचं बोट लाव. मग तिच्या डोळ्यांत बघून सांग, जिवंत झाडाला मेलेलं कुणी लिहायला लावलं?

नाव सांग.