बाई वाकल्या की पंखा थांबतो

मित्रांनो, मी सोलर पॅनेलचा एक जुना तुकडा आहे, हाताच्या पंजाएवढा. माझा कोणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, राग मानू नका.

बागेतल्या एका दिव्याच्या डोक्यावर माझं तरुणपण गेलं. पुढे दिवा फुटला, मी उरलो. तेव्हापासून लोक माझ्याकडे संशयाने बघत: हा एकटाच कसा वाचला?

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला भंगारातून उचललं. खेळण्यातल्या गाडीची मोटर, दोन वायरी आणि पुठ्ठ्याचा पंखा एवढाच माझा संसार. मैदानात उन्हात ठेवलं की पंखा गरगरायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. मला टाळ्यांचाही संशय यायचा. एवढं कौतुक फुकट कोण करतं?

एकदा मुख्याध्यापिका बाई मैदानात आल्या. स्वतःचा डबासुद्धा त्या आधी हलवून बघत, मग उघडत.

"सर, सेल कुठे लपवलाय?"

"सेल नाहीच आहे, बाई. उन्हावर चालतो."

"लबाडी निघाली, तर मैदानातले तास बंद. आणि हा परत भंगारात!"

बाई तपासायला वाकल्या. पंखा थांबला. त्या मागे सरल्या. पंखा सुरू.

"बघा! मी बघितलं की बंद, वळले की चालू. चोराच्या मनात चांदणं!"

सरांना घाम फुटला. मला तर स्वतःचाच संशय आला. खरंच पोटात सेल असला तर?

"बाई," एक वेणीवाली मुलगी म्हणाली, "तुमच्या अंबाड्याची सावली पडतेय त्याच्यावर."

"माझा अंबाडा मध्ये आणू नकोस!"

"मी नाही आणला, बाई. तोच आलाय."

बाई पुन्हा वाकल्या. थांबला. सरल्या. फिरला. मग त्या डाव्या बाजूने वाकल्या, उजव्या बाजूने वाकल्या, शेवटी अंबाडा दोन्ही हातांनी झाकूनही वाकल्या. मुलं ओरडत होती, "फिर! थांब! फिर!"

"म्हणजे चोर मीच," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "सर, उद्याचा तासही इथेच घ्या. सावलीचा. मी येईन."

आता मी वर्गाच्या खिडकीत असतो. सुट्टीत माझी कोणाला आठवण होत नाही. धूळ साचते आणि पंखा दमेकऱ्यासारखा फिरतो. तेव्हा मित्रांनो, अधूनमधून मला ओल्या फडक्याने पुसा. माझ्यावर शंकाही जरूर घ्या, मीही तुमच्यावर घेतोच.

फक्त जरा बाजूला उभं राहून घ्या.