आईची परवानगी

कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला चिकटते तिथे, तांबूस काळपट रबरात सुईच्या टोकाने कोरावा एवढासा एक ‘उ’ होता. कस्तुरीने दिवा जवळ ओढला, भिंग काढलं आणि न वापरताच बाजूला ठेवलं—त्या उकाराची जरा जास्तच लांब गेलेली शेपटी तिने लहानपणी कितीतरी पोस्टकार्डांच्या तळाशी पाहिली होती. उल्हास. तिचे आजोबा. पुण्याच्या कॅम्पात हार्गेट नावाच्या इंग्रज डेंटिस्टकडे मेकॅनिक. म्हणजे साहेब तोंडाचं माप घेणार, बिल करणार, नमस्कार झेलणार आणि मागच्या खोलीत हे कवळ्या घडवणार.

“बाबांनी ती शेवटपर्यंत वापरली,” मिस हार्गेट म्हणाल्या. “दुसरी करून घ्यायला तयारच नव्हते.”

वय चौऱ्याऐंशी. तपासायचं काही नाही असं सांगूनही बाई कस्तुरीच्या ब्रिस्टलमधल्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीतच बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, दोन बस बदलून आलेल्या. गेल्या महिन्यात कस्तुरीने ब्रिस्टलच्याच एका लायब्ररीत आजोबांवर भाषण ठोकलं होतं—हो, ठोकलंच!—आणि त्यात हार्गेटसाहेबाचं नाव घेऊन सांगितलं होतं, की सत्तेचाळीसला हा माणूस ‘तिकडे पोचलो की तुला बोलावतो, शिकवून डेंटिस्ट करतो’ असा शब्द देऊन बोटीत बसला आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही. टाळ्या पडल्या. लायब्ररीच्या पत्रकात ते छापून आलं. ते पत्रक फिरत फिरत या बाईंच्या हाती पडलं होतं.

आणि आज बाईंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून कवळी काढली, आणि कवळीच्या खालून एक पत्र.

पत्र इंग्रजीत, आजोबांच्या त्या ताठ, एकाही अक्षराचा तोल न जाणाऱ्या हस्ताक्षरात. आपण पाठवलेलं दुसरं तिकीटही साभार परत करत आहे. माझी आई वृद्ध आहे. समुद्रापार जाण्यास तिची परवानगी नाही, आणि आईचा शब्द मोडणं आमच्यात पाप समजतात...

दुसरं तिकीट. म्हणजे पहिलंही आलं होतं.

कस्तुरीने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ती फक्त ‘आई’पाशी थांबली. आजोबांच्या आईचा घरात फोटो नव्हता, कारण फोटो काढायची वेळ यायच्या आतच ती मोठ्या साथीत गेली होती, आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. सवाष्ण गेलेली, म्हणून दर भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावाने पान वाढलं जायचं. सोवळं नेसून आजोबा स्वतः वाढायचे, आणि खिरीच्या पातेल्यावर डोळा ठेवून कस्तुरी दाराशी ताटकळायची. वृद्ध आई! हिला म्हातारी व्हायला मिळालं कुठे?

मग ते संध्याकाळचे आजोबा... जिन्याच्या पायरीवर बसून तिला सांगणारे. ‘सव्वीस महिने पोस्टमनची वाट पाहिली बाळ. गोऱ्या माणसाचा शब्द.’ तेव्हा ती सात वर्षांची होती. मी जाईन आजोबा, मी डेंटिस्ट होईन आणि त्याच्याच देशात दवाखाना काढीन, असं मी म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलंय, माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय! कशाला पुसले? तेव्हाच सांगायचं होतं, की अगं नाही, गंमत केली. सात वर्षांच्या मुलीला काय, तिने दुसरं काहीतरी व्हायचं ठरवलं असतं.

“पाच मिनिटं हं,” ती मिस हार्गेटना म्हणाली. नर्स निधीला खुणेने बाईंपाशी थांबवून मागच्या खोलीत गेली आणि तिने पुण्याला फोन लावला. वैजयंतीआत्या, आजोबांची धाकटी मुलगी, नुकतीच दुपारची झोपून उठली होती.

“आत्या, आजोबांना विलायतेहून तिकीट आलं होतं?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“तुला कुणी सांगितलं?”

झालं. हे उत्तरच होतं. आत्या मग सांगत राहिली, की दोनदा आलं होतं गं, मी लहान होते, पण घरात बोलणं व्हायचं. दादा, म्हणजे तुझे आजोबा, का गेले नाहीत ते कुणी विचारलं नाही, भ्यायले असतील, बोटीला नाहीतर तिथल्या परीक्षेला, देव जाणे. पुढे ते तसं सांगायला लागले, आणि एवढ्या मोठ्या माणसाला खोटं कोण पाडणार?

“आणि मला? मला कुणीच...”

“अगं, तू एवढं मनावर घेशील असं कुणाला वाटलं? तू निघालीस तेव्हा मी तुझ्या आईला म्हटलं होतं, सांग तिला. ती म्हणाली, नको. जाऊ दे पोरीला.”

कस्तुरीने सिंकची कड धरली. आई तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची. ‘एक वर्ष थांब,’ एवढंच एकदा म्हणाली होती, आणि ही ताडकन म्हणाली होती, ‘आजोबांचं राहिलंय, आई.’ आईने तिच्याकडे पाहिलं होतं आणि बॅगेत मेतकुटाची पुडी ठेवली होती. त्या नजरेचा अर्थ कस्तुरीने इतकी वर्षं अभिमान असा लावला होता. पुढच्या फेब्रुवारीत आई गेली, आणि ही इथल्या रजिस्ट्रेशनच्या परीक्षेला बसलेली. सगळ्यांना माहीत होतं. तिघं-चौघं मिळून तिला एका थापेवर बसवून समुद्रापार पाठवतात, आणि जिच्यासाठी थांबायचं, ती जागची हलत नाही, एक शब्द बोलत नाही! तिला आईचाही राग आला, आणि तो आला याची लाज वाटली, तरी गेला नाही.

ती परत आली तेव्हा मिस हार्गेट कवळी रुमालात गुंडाळत होत्या.

“मी भांडायला आले नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी बोलाल तेव्हा एवढं सांगाल ना, की बाबांनी तिकीट पाठवलं होतं?”

“सांगेन. माझी चूक झाली. माफ करा.”

बाईंचा चेहरा सैल झाला. “ते तुमच्या आजोबांना कधी बोल लावत नसत. म्हणायचे, माणसाच्या आईशी कोण वाद घालणार? पण मनाला खात असायचं, त्या माउलीला आपण उगाच दुखावलं का. मला नेहमी विचारावंसं वाटायचं... कशा होत्या हो त्या?”

आता सांगायचं. पाच-सहा शब्दांचं तर काम; त्या नव्हत्याच हो, मिस हार्गेट. कस्तुरीने तोंड उघडलं.

“फार कडक होत्या,” ती म्हणाली. “पण मनाने चांगल्या. तुमच्या बाबांना त्या आशीर्वादच देत असत.”

मिस हार्गेटनी डोळे पुसले. कस्तुरी पाहत राहिली. वाक्य किती सहज आलं होतं, कुठे अडखळलं नाही, आणि वर त्यात आशीर्वाद कुणी मागितले होते? ही दया होती की घराण्याची अब्रू झाकणं, की नुसती भीती, तिला ठरवता येईना. आजोबांवरचा राग तसाच होता, जळजळीत. फक्त आता तो एकट्या त्यांच्यावर उरला नव्हता, स्वतःवरही होता.