सत्तेचाळीस नंबरचं सील

पलंगावर अकरा वस्तू मांडल्या होत्या. एकेक उचलून तिने काट्यावर ठेवली, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि वहीत लिहून घेतला. रेनकोट, बूट, दोन स्वेटर, दुर्बीण, औषधांची डबी. शेवटी दात घासायचा ब्रश, त्याची अर्धी दांडी तिने सकाळीच कापून टाकली होती. बेरीज आली पाच किलो नऊशे चाळीस ग्रॅम. मर्यादा सात किलोची होती. लॅपटॉपसाठी उरले एक किलो साठ.

मग तिने बारावी वस्तू खोक्यातून काढली. खोक्यावर छापलं होतं, एक किलो दोनशे चाळीस. चार्जर वेगळा, तीनशे दहा. काट्याने लॅपटॉपचे एक किलो तीनशे एकोणनव्वद दाखवले आणि चार्जरचे तीनशे सत्तेचाळीस.

"खोटारडे," ती म्हणाली.

"कोण?" दारात दादा उभा होता.

"दुकानदार. कंपनी. सगळेच. छापलेल्या वजनावर विश्वास ठेवला तरी पाचशे ग्रॅम जास्त होत होते, ते मी कसेही काढले असते. आता पावणेसातशे जास्त आहेत. एवढं कुठून काढू?"

"ब्रश कापलास म्हणे?"

"कापला. सात ग्रॅम वाचले."

"मग आता केस काप."

"ते बॅगेत नाहीत, डोक्यावर आहेत. तू जा इथून."

दादा हसत हसत जिना उतरला. खाली त्यांचं दुकान होतं. वजनकाटे दुरुस्त करायचं, तपासायचं, सील करायचं. बाबा चौतीस वर्षं हेच करत होते. दादा गेली नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होता.

तिने पत्र पुन्हा वाचलं. बेटावरच्या हवामान केंद्रात दहा महिन्यांची नेमणूक. आठ आसनांचं विमान, माणशी एक बॅग, सात किलो, एक ग्रॅमही जास्त चालणार नाही. बाकीचं सामान दोन महिन्यांनी बोटीने. नोंदींसाठी स्वतःचा लॅपटॉप पहिल्या दिवसापासून हवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. विमान गुरुवारी होतं आणि आज मंगळवार.

आजवर तिचा स्वतःचा लॅपटॉप नव्हता. कॉलेजात प्रयोगशाळेतल्या संगणकावर रांग लावून काम व्हायचं. म्हणून निवडताना तिने तक्ताच केला होता. पहिला मोठ्या पडद्याचा होता; तो दादाला आवडला, पण दोन किलोच्या वर गेला. दुसरा एकदम हलका, पण बॅटरी चार तास चालायची आणि बेटावर वीज दिवसातून तीनच तास यायची. तिसरा हा. बॅटरी बारा तास, कळफलकात पाणी शिरलं तरी चालणारा. सगळं जुळत होतं. फक्त वजन जुळत नव्हतं.

तिने दुर्बीण बाजूला काढली. ती आईची होती. पुन्हा ठेवली. एक स्वेटर काढला, बूट काढले, मग बुटांशिवाय बेटावर काय करणार म्हणून परत ठेवले. तासाभरात तिने चौदा जुळण्या लिहून काढल्या. एकही सात किलोच्या आत आली नाही.

बाबा चहा घेऊन वर आले. कप त्यांनी खिडकीत ठेवला.

"बाबा, हे बघा. खोक्यावर एक लिहायचं आणि आत भलतंच. तुमच्या धंद्यात कुणी असं केलं तर?"

बाबांनी खोकं हातात घेऊन फिरवलं. काट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "छापणारे छापतात काहीही," ते म्हणाले.

"पण मी काय करू?"

"पुढच्या वर्षी निघेलच की जागा."

"पुढच्या वर्षी तिथे दुसरं कुणी बसलेलं असेल!"

"इतकं काय आहे त्या बेटावर? वारा मोजायचा. तो इथेही आहे." ते जिन्याकडे वळले. "चहा निवतोय."

चहा निवला. तिने लॅपटॉप आणि चार्जर खोक्यात कोंबले, वही काखेत मारली आणि थेट बाजाराचा रस्ता धरला. चालता चालता ती दुकानदाराला काय काय बोलायचं ते ठरवत होती, आणि प्रत्येक चौकात त्यात एक वाक्य वाढत होतं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तिने खोकं काउंटरवर आपटलं.

"परत घ्या हा. वजनात दीडशे ग्रॅमची थाप मारलीय तुम्ही."

"हळू बोला ताई, लोक बसलेत."

"बसू देत. त्यांनाही कळू दे."

"अहो, वजन आम्ही ठरवत नाही. कंपनी—"

"मग कंपनीला विचारा. मी मोजलाय. एक किलो तीनशे एकोणनव्वद. हे बघा, लिहून आणलंय."

दुकानदाराने वही पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. त्याने लॅपटॉप उचलला आणि कुरिअरची पार्सलं जोखायच्या काट्यावर ठेवला. आकडा एकदा हलला आणि थांबला. एक किलो दोनशे चाळीस.

"झालं समाधान?"

"तुमचा काटा खोटा आहे."

"हा?"

"हाच. माझ्या वडिलांचा धंदाच काट्यांचा आहे. मला शिकवू नका. आमच्या घरातला काटा एका ग्रॅमनेही चुकत नाही."

बाकावरचा एक माणूस हसला. दुकानदार हसला नाही. त्याने काटा उचलला आणि त्याची मागची बाजू तिच्यासमोर धरली. झाकणाच्या स्क्रूतून पिळलेली तार ओवलेली होती आणि तारेवर शिशाचा मणी दाबलेला. मण्यावर सील करणाऱ्याच्या परवान्याचा आकडा उमटला होता: सत्तेचाळीस.

"वडील म्हणजे सत्तेचाळीस नंबरवालेच ना? त्यांनीच सील केलाय हा, महिनाही झाला नाही. वजनं घेऊन स्वतः आले होते. पाऊण तास तपासत बसले, मी म्हटलं पुरे आता, तर माझ्यावरच ओरडले." त्याने काटा खाली ठेवला. "खोटा म्हणायचा तर त्यांना जाऊन सांगा. मला कशाला?"

ती मण्याकडे बघत राहिली. मग तिने चार्जर काट्यावर ठेवला. तीनशे दहा.

"पैसे परत हवेत का?" दुकानदाराने विचारलं.

"नको."

घरी ती धावत आली नाही. सावकाश आली. प्रयोगशाळेत तिने तीन वर्षांत एकदाही प्रमाण वजन ठेवून पाहिल्याशिवाय पहिली नोंद केली नव्हती. घरात मात्र तिला ते सुचलंही नव्हतं. या घरात काटा तपासून बघायचा म्हणजे बाबांना तपासण्यासारखं होतं.

पलंगावरच्या अकराही वस्तू तिने ज्यावर जोखल्या होत्या, तो खोलीतला काटा तिने उलटा केला. तार नवी होती, अजून काळवंडली नव्हती. मण्यावर सत्तेचाळीस.

ती काटा उचलूनच खाली घेऊन गेली. दादा एका तराजूची साखळी साफ करत होता.

"तू हात लावलास याला?"

"मी? कशाला?"

"मी जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवसापासून तुझी टिंगल चालू आहे. मोठ्या पडद्याचा घे, घरी राहिला तरी कामी येईल, हे कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो. टिंगल करतो, मान्य आहे." दादाने फडकं खाली टाकलं. "पण डोकं ठिकाणावर ठेवून बोल. सील दाबायची पक्कड बाबांनी नऊ वर्षांत एकदा तरी माझ्या हातात दिलीय? तिच्या ड्रॉवरची किल्ली कुणाच्या खिशात असते?"

हा काटा रविवारी बाबांनी स्वतः वर आणून दिला होता. सारखं खाली-वर नको करूस, पाय दुखतील, असं म्हणाले होते. तिला तेव्हा ते खूप आवडलं होतं.

दादाने तिच्या हातातल्या काट्याकडे पाहिलं, तो उलटा केला, तारेवरून अंगठा फिरवला. मग त्याने तो टेबलावर ठेवला.

मागच्या खोलीतून बाबा आले. हातात जेवणाच्या डब्याचं झाकण होतं. टेबलावर काटा पाहून ते तिथेच थांबले.

तिने काचेच्या कपाटातून लाकडी पेटी काढली. आत पितळेची प्रमाण वजनं होती, दर वर्षी सरकारी कचेरीतून तपासून येणारी. लहानपणी त्यांना बोट लावलं म्हणून तिने बाबांचा मार खाल्ला होता. आज तिने पाच किलोचं वजन तसंच उघड्या हातांनी उचललं.

काटा चालू केला. शून्य आलं. तिने वजन मधोमध ठेवलं आणि बाजूला झाली.

"वाचा," ती म्हणाली.

"अगं, ऐक जरा—"

"गिऱ्हाइकाला वाचून दाखवता ना? मोठ्याने? तसं वाचा."

"बाबा, वाचा," दादा म्हणाला.

बाबांनी झाकण खाली ठेवलं. शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, शर्टाच्याच टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला. टेबलावर वाकून त्यांनी आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, नेहमीसारखीच, घाई न करता.

"पाच किलो सहाशे ग्रॅम."