हुकाच्या पोटावरचा क्रूस

माझ्या उजव्या हाताची बोटं व्हाइसमध्ये चिरडली ती माझ्या सख्ख्या मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ. माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेलेला, माझ्या ताटातलं उचलून खाल्लेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी काय केलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, बरोबरच केलं. तसं म्हणू नका. तसं म्हणणारे मला पुष्कळ भेटले आणि एकाचंही ऐकून मला बरं वाटलं नाही.

मी मूळचा मारकुटा. लोकांचा राग नाकावर असतो, माझा मुठीत. तिशीपर्यंत दोघांचे दात पाडले, एकाचा जबडा मोडला. माझी बायको येशूला मानणाऱ्या घरातली. तिने मला सुधारलं असं लोक म्हणतात. ती म्हणते, मी फक्त दार दाखवलं, डोकं आपटत आपटत हे स्वतःच आत आले. माझा आणि मेहुण्याचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच हौदात झाला. पाळकांनी मला पाण्याखाली दाबलं तेव्हा मी सवयीने त्यांचं मनगट पिरगाळलं. सगळी मंडळी हसली. मेहुणा तर हसून हसून हौदाच्या कडेवरून घसरून आतच पडला, पाळकांनी त्याला बोलवायच्या आधी.

आमचा कारखाना हुकांचा. क्रेनला लागतात ते, मनगटाएवढ्यापासून मांडीएवढ्यापर्यंत जाड. मेहुणा भट्टीवरचा मुकादम आणि मी तपासणीला. तपासणी म्हणजे हुक तारेला टांगायचा, लहान हातोडीने टिचकी द्यायची आणि ऐकायचं. चांगला हुक वाजतो आणि वाजत राहतो. आत तडा असेल तर ठक्क करून गप्प होतो. हल्ली हे यंत्रावर करतात, पण यंत्र घ्यायचं शेठच्या जिवावर यायचं आणि माझे कान पगारातच मिळत होते. पास झालेल्या हुकाच्या मानेवर मी छाप ठोकायचो. मानेवरच, पोटावर कधीच नाही. सगळं ओझं हुकाचं पोट, म्हणजे खालचा वाक, पेलतं. तिथे छापेचा एवढासा घाव बसला तरी वजनाखाली हुक तिथूनच फाटू शकतो. हे माझ्या उस्तादाने मला कानाखाली देऊन शिकवलं होतं, म्हणून पक्कं लक्षात राहिलं.

छाप पूर्वी गोल होती. बाप्तिस्म्यानंतर मी स्वतः पोलाद घासून क्रुसाची केली. शेठ हसला, म्हणाला, देवालाही कामाला जुंपलंस. पण वर्षं गेली आणि क्रूसवाला हुक तुटत नाही अशी बाजारात बोलवा झाली. गिऱ्हाईक हुक हातात घेतलं की आधी मान बघायचं. शेठने भाव वाढवला. माझ्या प्रभूच्या खुणेवर धंदा चालला होता आणि खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या व्हायच्या. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग शेठने कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून एकशे चाळीस जुने हुक भंगाराच्या भावात उचलले. घासून, रंगवून नवे म्हणून विकायचे. मी दहा टांगून वाजवले, सात ठक्क. मी सांगितलं, सगळे भट्टीत घाला. शेठने मला केबिनमध्ये नेऊन स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. कागद टाइप करून तयार होता. कारखान्यात चार आणे भागी, जन्मभर. मी क्रूस तेवढा मारायचा. लक्ष्मी आली असता तोंड धुवायला जाऊ नये, म्हणाला. मी म्हटलं, हे कुणाच्या तरी डोक्यावर टांगणार आहेत. तो म्हणाला, प्रत्येकाच्या डोक्यावर काही ना काही टांगलेलं असतंच. माझे हात शिवशिवले. ते मांडीखाली दाबून मी बसून राहिलो आणि विचार करतो म्हणालो.

विचार करतो म्हणालो, हे लक्षात ठेवा. लगेच नाही म्हणालो नाही. आमची एकच खोली, खाली पिठाची गिरणी. दिवसभर भिंती थरथरतात, धुतलेल्या भांड्यांवर तासाभरात पिठाचा थर. बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तवा घासत राहिली. मग म्हणाली की लग्नापासून तिला एक दुसरी खोली हवी आहे, दार लावून घेता येईल अशी, आणि त्या कागदाचं ऐकताना तिचे मनातल्या मनात त्या खोलीला पडदेसुद्धा लावून झाले. "मी पण माणूसच आहे, मला मोह होतो," ती म्हणाली. "म्हणून मला विचारू नका. तुम्हीच नाही म्हणा, आणि लवकर म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छाप भट्टीत लाल केली आणि ऐरणीवर ठोकून तिचा पत्रा केला. मग शेठला जाऊन नाही म्हणालो.

मेहुणा तीनदा समजवायला आला. खूण म्हणजे काय दाजी, दोन रेघा, असं त्याचं म्हणणं. देव मन बघतो, रेघा नाही. रविवारच्या ओव्हरटाइमपायी तो उपासनेला येईनासा झाला होता, पण देव काय बघतो हे त्याला अजून पाठ होतं. तिसऱ्या वेळी मी त्याला खोलीबाहेर ढकललं. शेठने त्यालाही भागीचं गाजर दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत माणसं बाहेर गेली आणि शेठने शटर ओढून घेतलं. दोन हमालांनी मला मागून धरलं. शेठने विचारलं, छाप कुठे लपवलीस, गिऱ्हाईक तीच ओळखतं. मी खरं ते सांगितलं, ठोकून पत्रा केला. कुणाचाच विश्वास बसला नाही. एवढी किमतीची वस्तू कोण मोडेल. लोखंड घट्ट धरायचा मोठा व्हाइस असतो ना, त्याच्या जबड्यात त्यांनी माझा उजवा हात घातला आणि शेठने दांडा मेहुण्याच्या हातात दिला. घरच्याच माणसाने विचारलेलं बरं, म्हणाला. दगडाखाली हात सापडला असं आपण उगाच बोलतो. दगड निदान आवळत तरी नाही.

पहिल्या फेरीला नखं फुटली. रक्त दांड्यापर्यंत उडालं. मेहुण्याने विचारलं, मी तेच सांगितलं. दुसऱ्या फेरीला मधलं बोट गेलं, आणि तो आवाज मी ओळखला. ठक्क. आयुष्यभर ऐकलेला. तिसऱ्या फेरीला मी इतका ओरडलो की एका हमालाने घाबरून माझा डावा हात सोडला. बाकावर तीन किलोची हातोडी पडली होती. ती कधी उचलली मला माहीत नाही. उचललेली होती, आणि मेहुण्याचं कानशील माझ्यासमोर वीतभर अंतरावर होतं. दांडा फिरवायला वाकलेला तो, वर बघून एवढंच म्हणाला, "दाजी."

मला मारायचं होतं. प्रार्थना बिर्थना काही आठवली नाही. हौद आठवला, आणि त्यात हसत पडलेलं ते माकड. मी हातोडी फेकली ती खिडकीवर. काच खळकन रस्त्यावर पडली, बाहेर लोक थांबले, आणि शेठने घाईने मला सोडायला सांगितलं. जाता जाता एका हमालाने बरगडीत लाथ घातली. मी त्याला काही केलं नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. हात पट्ट्यांत, दोन बोटं कायमची गेलेली, आणि मी बायकोला सांगत होतो की बघ, मी मारलं नाही. पोलिसांत चला म्हणाली. मी म्हटलं, तुझा भाऊ आहे, राहू दे. केवढा मोठेपणा.

पाचव्या दिवशी मी माझी अवजारं आणायला गेलो. ती म्हणाली, जाऊ नका. मी गेलो.

गेटातूनच दिसलं. अंगणातल्या क्रेनवर लाकडी खोकं लटकत होतं, आत कास्टिंगचं सामान भरलेलं. शेठ एका गिऱ्हाइकाला हुकाची ताकद दाखवत होता. हुक त्या जुन्यांतला, नवा काळा रंग दिलेला. मेहुण्याने शेवटी स्वतःच छाप बनवली होती, दोन रेघा, दहा मिनिटांचं काम. पण जुन्या हुकांच्या माना गंजून खड्डे खड्डे झालेल्या, तिथे छाप नीट उठेना. म्हणून त्याने क्रूस मारला पोटावर, जिथे लांबूनही झकास दिसेल. रंगाखालचं लोखंड तिथे उघडं पडलं होतं आणि चकाकत होतं. आणि मेहुणा खोक्याखाली उभा राहून दोन्ही हातांनी ते सरळ करत होता.

बाजूला हो. एवढंच म्हणायचं होतं. गेटापासून सहज ऐकू गेलं असतं, माझा आवाज भट्टीवरही ऐकू जातो. पट्टीच्या आत बोटं ठणकली आणि मनात आलं, यालाही कळू दे. एक श्वास. घेऊन बघा, किती वेळ लागतो. मग मी ओरडत धावलो.

हुक फाटला तो क्रुसाच्या उभ्या रेघेवरूनच. माझं ओरडणं ऐकून मेहुणा मागे सरकता सरकता पडला आणि खोकं त्याच्या दोन्ही पायांवर आलं. आवाज मोठा नव्हता, ओली लाकडं मोडावीत तसा. गुडघ्यांखाली काही उरलंच नव्हतं, पँटचं कापड, हाडाचे तुकडे आणि वाळूत पसरत जाणारं रक्त. गिऱ्हाईक भिंतीला धरून ओकलं. मी डाव्या हाताने खोकं ढकलत होतो, दातांनी मेहुण्याच्या मांडीला पट्टा आवळत होतो आणि मोठमोठ्याने प्रभूचं नाव घेत होतो. शेठ हुकाचा तुकडा उचलून लपवायला बघत होता. मी त्याच्या मनगटावर पाय दिला. तो पाय मुद्दाम जोरात दिला, तेही सांगून ठेवतो.

मेहुण्याचे दोन्ही पाय गुडघ्यापासून कापले. चौथ्या दिवशी तो शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला आणि त्याच दिवशी शेठ हॉस्पिटलात कागद ठेवून गेला. कागदात असं होतं की लॉट मी तपासला, छाप माझी, आणि एकाच हुकाला माझ्या कानाची चूक झाली. बाकीचे सगळे हुक चांगले. मी सही केली की मला चार आणे भागी आणि मेहुण्यालाही चार आणे, शिवाय त्याचा औषधपाण्याचा सगळा खर्च. शेठ हुशार माणूस. आधी त्याने मला माझ्यासाठी विचारलं होतं. आता दुसऱ्यासाठी विचारत होता.

दोन दिवसांनी मी त्याच्या पलंगाशी स्टुलावर बसलो. पलंगावर पांघरूण मध्येच सपाट झालं होतं, तिकडे बघवेना. बायको दाराशी उभी होती.

"सही करा दाजी," मेहुणा म्हणाला. "तुमचं काय जातंय? एक चूक झाली म्हणायचं. माझे तर पाय गेले. मी आता खाऊ काय?"

दोन दिवस मी हेच स्वतःला विचारत होतो. एका सहीने त्याचा जन्म निघाला असता. त्याचं मी देणं लागत होतो, आणि किती, हे त्याला माहीत नव्हतं. न सांगता सही नाकारली असती तर मी धर्मात्मा ठरलो असतो. आख्ख्या मंडळीने माझा मोडका हात बघून डोळे पुसले असते. त्या विचाराने मला शिसारी आली.

"मी गेटातूनच पाहिला होता तो क्रूस," मी म्हणालो. "पोटावर मारलेला. फाटणार हे मला कळलं होतं. तू खाली आहेस हे दिसत होतं. आणि मी एक श्वास गप्प बसलो."

तो कोपरावर उठला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

दाराशी बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. तिला मी घरी सांगितलं नव्हतं.

"मग तर सही कराच," तो दात आवळून म्हणाला. "देणं लागता तुम्ही माझं."

"लागतो. मरेपर्यंत तुला पाठीवर घेऊन फिरेन, माझ्या आधी तुझ्या ताटात वाढेन. पण अजून एकशे एकोणचाळीस हुक आहेत. त्यांच्याखाली कुणीतरी उभं राहणार आहे. त्यांच्यावर प्रभूच्या नावाने खोटं नाही लिहिणार, तुझ्यासाठीसुद्धा नाही. इथून उठलो की सरकारी तपासनिसाकडे जातोय. शेठचं सांगेन, तुझं सांगेन, माझा तो श्वासही सांगेन."

उशाशी स्टीलचा जड तांब्या होता, पाण्याने भरलेला. त्याने तो उचलून माझ्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. रक्त आणि पाणी एकदम डोळ्यात गेलं आणि माझी डावी मूठ आपोआप वळली. इतक्या वर्षांत काही बदललं नव्हतं, ती तशीच वळते. बायको धावत येऊन माझ्यापुढे उभी राहायला लागली, तिला मी बाजूला केलं.

मेहुण्याने पुन्हा तांब्या उगारला. पण पाय नसल्याने त्याला तोल सावरेना, तो एका अंगावर कलंडला, आणि दुसरा फटका हवेतच गेला. तो रडत होता. मला शिव्या देत होता, आईवरून, बापावरून, आणि मध्येच नुसतं दाजी दाजी म्हणत होता.

मी मूठ उघडली. मग स्टूल पलंगाजवळ ओढलं, त्याचा हात पोचेल इतकं, आणि बसून राहिलो.