गरजेनुसार

"ह्यो घालून मला काय कळत न्हाय," रत्नव्वा म्हणाली आणि तिनं रबरी हातमोजा काढून थेट अभिनंदनशेठच्या टेबलावर ठेवला.

शिरोलीतला आमचा औषधाच्या गोळ्यांचा कारखाना हिमाचलात चालला होता. तिकडं सरकारनं दहा वर्षं कर माफ केला होता. अठरा वर्षं इथल्या माणसांच्या जिवावर उभा राहिलेला धंदा शेठनी एका सवलतीपायी उचलला, आणि वर त्याला प्रगती म्हणायचे. मशिनं जाणार होती. केमिस्ट म्हणून मी जाणार होतो. रत्नव्वा आणि बाकीच्या चाळीस बायका जाणार नव्हत्या.

अडचण एकच होती. तापाच्या गोळीची पावडर खळीत मळताना खळ जास्त झाली तर गोळी पोटात विरघळत नाही, कमी झाली तर वरचा पापुद्रा सुटतो. किती घालायची, यापुढं माझ्या कृतीच्या कागदावर फक्त 'गरजेनुसार' लिहिलेलं होतं. ती गरज रत्नव्वाची मूठ ठरवायची. ओलं मिश्रण मुठीत दाबायचं, टिचकी मारायची, ढेकूळ कसं फुटतं ते बघायचं. खाली सही माझी, श्रीपाल मगदूम, बी. फार्म.

तिकडं आधी नेलेल्या एका मशिनवर, माझ्या कागदाबरहुकूम काढलेले चाचणीचे तीन घाणे वाया गेले होते. म्हणून आज शेठनी शाल आणि नारळ आणवला होता. तिला सत्कार करून घरी पाठवायचं, पण त्याआधी तिच्याकडून सगळं लिहून घ्यायचं.

"लिवून घ्या की," ती म्हणाली. "पर जितं गरजेनुसार लिवलंय, तितं माजं नाव घाला."

शेठ हसले. असल्या कागदावर शिकलेल्या माणसाचंच नाव लागतं, म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली. त्या मानेची मला आजही चीड येते.

"सायेब, माज्या मुठीवर सही करत हुता, तवा न्हाय काडलं शिक्षण," रत्नव्वा मला म्हणाली आणि चालू लागली.

शाल टेबलावरच राहिली. शेठनी खुणावलं तसा मी ती घेऊन मागोमाग गेलो. फाटकावर आकाराम वॉचमन उभा होता. कुणी गोळ्या चोरून नेऊ नयेत म्हणून बायकांची पिशवी आणि मुठी रोज तपासायची पद्धत होती. रत्नव्वानं पिशवी उघडली, मग दोन्ही हात पसरले. आकारामनं ते नीट उलटेसुलटे करून बघितले.

"काय न्हाय," तो म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं.