हात्सुएबाईंचं सहाशे साठ सीसी

पितरांच्या ओबोन सणाला डोंगरावर जाऊन घरच्यांच्या थडग्यांना पाणी घालायचं, हे दरवर्षीचंच. यंदा मात्र हात्सुएबाईंच्या जिवाला घोर लागला होता. तोक्योहून आलेल्या लेकाने, नोरियुकीने, फर्मान काढलं होतं: सुट्टी संपली की शोरूमचा माणूस येईल, तुझी ही छोटी गाडी घेऊन जाईल आणि दीड हजार सीसीची दारात लावेल. सहाशे साठ सीसीचं इंजिन म्हणे घाटाच्या कामाचंच नाही. बारा वर्षं त्या याच गाडीने घाटापलीकडे बहिणीकडे जात होत्या, ते कुणी विचारलं नाही. संत्र्यांच्या बागांमधल्या चिंचोळ्या रस्त्याने मोठी गाडी हाकायची त्यांची छाती नव्हती. ही गेली की बहिणीकडे जाणंही संपलं.

"बघू तरी, कशी चढते," म्हणत नोरियुकी शेजारी ऐसपैस बसला. मागे सून कानाए, फुलं आणि पाण्याचे दोन डबे.

तिसऱ्या वळणावर इंजिन कण्हायला लागलं. हात्सुएबाईंनी सवयीने एसी बंद केला, काचा उघडल्या.

"एसी बंद? आई, हे इंजिन आहे की शिलाई मशीन?" नोरियुकी घाम पुसत म्हणाला.

"चढापुरता करतात रे. अख्खं गाव करतं."

चौथ्या वळणावर गाडी अगदीच मेटाकुटीला आली. हात्सुएबाईंचा चेहरा पडला.

"अहो, तुम्ही उतरा बघू," मागून कानाए म्हणाली. "बसून बसून नव्वद किलो झालात."

नोरियुकी कुरकुरत उतरला आणि गाडी निमूट चढून गेली.

तो धापा टाकत वर पोचला तेव्हा हात्सुएबाई फुलं लावत होत्या. "चढली की नाही?"

"मी नव्हतो म्हणून चढली."

"तू नसतोसच ना," त्या सहज बोलून गेल्या. "एरवी वर्षभर मी एकटीच बसते. एकटीला हे इंजिन पुरून उरतं. तू एक दिवस येणार, त्यासाठी बाकीचे दिवस दीड हजार सीसी सांभाळत बसू?"

नोरियुकीला ते चांगलंच लागलं. त्याने वडिलांच्या थडग्यावर हळूहळू पाणी घातलं, बराच वेळ हात जोडले. मग फोन काढून शोरूमला निरोप ठेवला, येऊ नका म्हणून.

"आणि दर महिन्याला आलो तर?" त्याने वर न बघताच विचारलं.

हात्सुएबाईंना इतका आनंद झाला की हातातली फुलं तशीच राहिली.

"ये की," त्या म्हणाल्या. "चौथ्या वळणावर उतरत जा. मी वर थांबेन."